खारदांड्याची २२ फुटी फायबर होडी: दुरुस्ती करून नवीन मशीन बसवायचंय, सल्ला हवा

खारदांडा_२२ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी.

माझ्या काकांची २२ फुटी फायबर होडी काही पावसाळ्यांपासून मुंबईतल्या खारदांड्याच्या बंदरावर ताडपत्रीखाली पडून आहे. काकांचे गुडघे गेले, आता त्यांना चिखलातून चालत होडीपर्यंत जाणं जमत नाही. भंगारवाला दोनदा येऊन गेला, पण काकांनी दिली नाही. आता म्हणतात, तू चालवणार असशील तर तुझी. मी सध्या दुसऱ्याच्या बोटीवर खलाशी म्हणून जातो. स्वतःची होडी झाली तर किनाऱ्याजवळ जाळी टाकायची: बोय, शिंगाळी, नशिबात असेल तर रावस. दोघं किंवा तिघं माणसं, जाळी आणि बर्फाची पेटी, एवढंच वजन.

होडीची अवस्था अशी आहे. तळाला बाहेरून ओरखडे आहेत, खडकावर घासल्याच्या दोन जागी आतली फायबरची मॅट दिसते. आतली फळ्यांची जमीन पायाखाली थोडी दबते. मशीन १५ हॉर्सपॉवरचं जुनं दोन स्ट्रोक, हाताने ओढून चालू करायचं. ते चालू होतं, पण धूर फार आणि ताकद नाही. मागच्या फळीवर, मशीनच्या शिकंज्याखाली, केसासारखी एक उभी चीर आहे.

मला चार स्ट्रोक २५ घ्यावंसं वाटतंय. मित्र म्हणतात, घेतोच आहेस तर मोठं घे. १ जूनला मासेमारीबंदी लागते, ३१ जुलैपर्यंत ६१ दिवस होडी वरच असणार, तेवढ्यात सगळं काम उरकावं असा विचार आहे. कोणतं मशीन घेऊ?

मढ_फायबरवाला

भावा, मशीन नंतर. आधी त्या चिरेबद्दल बोलू.

मशीनचं सगळं वजन आणि पंख्याचा (प्रोपेलरचा) सगळा रेटा त्या एका फळीवर येतो. फायबर होडीत ही फळी नुसत्या फायबरची नसते. मध्ये प्लाय असतो आणि दोन्ही बाजूंनी फायबरचं कातडं. शिकंजाच्या बोल्टमधून किंवा असल्या चिरेतून पाणी आत गेलं की प्लाय आतल्या आत कुजतो. बाहेरून होडी छान दिसत राहते. मग एक दिवस लाटेवर मशीन फळीसकट हलायला लागतं.

घरच्या घरी तपासता येतं. हातोडीच्या लाकडी दांड्याने फळीवर वीतभर अंतराने ठोकत जा. चांगल्या जागी टणक आवाज येतो, कुजलेल्या जागी भद्द. मग होडीच्या आतल्या बाजूने, फळीच्या खालच्या कोपऱ्यात, ६ मिमीच्या ड्रिलने भोक पाड. बाहेरच्या कातड्यापर्यंत जाऊ नकोस, ड्रिलला टेप गुंडाळून खूण कर. बाहेर येणारा भुसा बघ. पिवळट आणि कोरडा असेल तर देव पावला. काळा, ओला, आंबूस वासाचा असेल तर फळी बदलायची.

अजून एक. जुनं मशीन खाली करून ठेव, त्याचा खालचा भाग हातात धरून वर-खाली हलव आणि दुसऱ्या कुणाला फळीकडे बघायला सांग. चीर उघडझाप करते का?

वरळी_क्लीव्हलँड

मी २५ च्याच बाजूचा. आमच्या क्लीव्हलँड बंदराच्या तोंडाशी कोस्टल रोडचे खांब आले. कोळ्यांनी दोन खांबांत १६० मीटर मागितले होते, शेवटी १२० वर ठरलं. वारा आडवा असताना, ओहोटीचा ओढा असताना तिथून होडी काढायची म्हणजे हातात ताकद हवी. कमी ताकदीचं मशीन घेऊन पुढे पस्तावण्यापेक्षा एकदाच मोठं घ्यावं.

खारदांडा_२२

काका (मढवाले), तुम्ही सांगितलं तसं केलं. उजव्या कोपऱ्यातून भुसा ठीक आला. डाव्या कोपऱ्यातून ड्रिल लोण्यात गेल्यासारखं गेलं आणि भोकातून चहाच्या रंगाचं पाणी ठिबकायला लागलं. मधल्या भागाचा भुसा काळा, बोटांत दाबला की लगदा होतो. मशीन हलवलं तर चीर सरळ उघडते, आत नख जातं.

जमिनीच्या फळीलाही एक चौकोन कापून बघितलं. खाली फोम आहे, तो स्पंजसारखा भिजलेला.

आता काय? आमच्या इथे एकाने सुचवलं की दोन्ही बाजूंनी जाड ॲल्युमिनियमची पाटी लावून आरपार बोल्ट मारले की काम होतं. खर्च फारच कमी येईल.

मढ_फायबरवाला

पाटी लावू नकोस. हे कळकळीने सांगतो. पाटी मारली की आवळायचं कशावर? आत लगदा आहे. बोल्ट जितका आवळशील तितकी फळी दबेल, महिन्याभरात परत सैल. शिवाय नवीन भोकं पडली म्हणजे पाण्याला नवीन वाटा. आणि ॲल्युमिनियम, स्टीलचे बोल्ट आणि खारं पाणी एकत्र आले की ॲल्युमिनियम खाल्लं जातं, पांढरी पूड सुटते. समुद्रात मशीन फळीसकट गेलं तर होडीच्या मागे भगदाड पडतं, पाणी मागूनच भरतं, आणि तेव्हा तुझ्याबरोबर अजून दोन माणसं असतील.

फळी नवीन करायची. कशी ते नीट लिहितो, कारण पद्धत चुकली तर तीच फळी परत कुजते.

होडीच्या आतल्या बाजूने काम करायचं, बाहेरचं कातडं तसंच ठेवायचं. तोच आपला साचा. आतलं कातडं ग्राइंडरने चारही बाजूंनी दोन-तीन इंच काठ ठेवून काप, कुजलेला प्लाय छिन्नीने काढ. कोपऱ्यात चिकटलेला काढायला वेळ लागतो, पण काळा ठिपकासुद्धा ठेवू नकोस. मग ते सगळं सुकू दे. उन्हात, पंखा लावून, खरोखर कोरडं होईपर्यंत.

प्लाय घेताना आयएस ७१० चा शिक्का बघ. ३०३ वाला प्लायसुद्धा दुकानदार 'वॉटरप्रूफ' म्हणून देतो, तो घराच्या फर्निचरला ठीक, होडीला नाही. १९ मिमीचे दोन थर एकमेकांना चिकटवले की ३८ मिमी होतात, मशीनचा शिकंजा त्यावर बसतो. पुठ्ठ्याचा नमुना कापून फळीचा आकार आधी पक्का कर. प्लायच्या कडांना रेझिन दोन-तीनदा पाज, कारण पाणी कडांतूनच शिरतं.

प्लाय आणि बाहेरचं कातडं यांच्यामध्ये रेझिनमध्ये फायबरचे तुकडे कालवून केलेली लपी भरायची. कुठे पोकळ जागा राहायला नको. दाबून धरायला शिकंजे लाव, बोल्ट मारून नवीन भोकं पाडू नकोस. सुकलं की कोपऱ्यांत त्याच लपीचा गोलवा दे, कारण मॅट काटकोनात वळत नाही, खाली हवा राहते. त्यावर ४५० ग्रॅमची मॅट, मग ६०० चं विणलेलं कापड, परत मॅट, असं आळीपाळीने. लाकडावर पहिला थर नेहमी मॅटचाच, विणलेलं कापड थेट लाकडावर धरत नाही. आजूबाजूच्या जुन्या फायबरवर किमान सहा-आठ इंच चढव, आणि ते जुनं फायबर आधी ॲसिटोनने पूस, मग घास. आधी घासलंस तर मेण आणि तेल आत रगडलं जातं.

रेझिन पॉलिएस्टर घेतलंस तर आयसो (पाण्यात जास्त टिकणारं) घे, साधं घेऊ नकोस. परवडत असेल तर या फळीपुरतं इपॉक्सी. लाकडाला ते पॉलिएस्टरपेक्षा कितीतरी घट्ट धरतं. फक्त इपॉक्सीवर जेलकोट (फायबरचा बाहेरचा चकचकीत थर) नीट चिकटत नाही, वर रंगच द्यावा लागेल.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: पॉलिएस्टर रेझिनबरोबर दोन बाटल्या मिळतात, कोबाल्ट आणि हार्डनर. या दोन गोष्टी एकमेकांत थेट कधीही मिसळायच्या नाहीत, भडका उडतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचं, त्यानंतर हार्डनर. मापायला वेगवेगळी भांडी. हार्डनरचा थेंब डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो, चष्मा लाव. तिथे विडी-सिगारेट पेटवणाऱ्याला लांब उभं कर.

मनोरीचा_नातू

काका, फार छान लिहिलंत. एक शंका. धागाकर्ता बंदीच्या काळात काम करणार म्हणतोय. जून-जुलैमध्ये फायबर?

मढ_फायबरवाला

बरोबर पकडलंस. जून-जुलैमध्ये नाही. हवेतला ओलावा प्लायमध्ये बसतो, मॅट ओली होते, दुधाळ दिसते आणि रेझिन नीट धरत नाही. ते फायबर वरून कडक लागेल, पण आत थर सुटलेले असतील. फळीचं आणि तळाचं काम मे महिन्यात उरकायचं. मेच्या उन्हात रेझिन भराभर धरतं, म्हणून हार्डनर १ टक्क्याच्या आसपास ठेव, थोडं थोडं कालव, सकाळी लवकर काम कर. पावसाळ्यात वायरिंग, मशीन, रंगाची तयारी, कागदपत्रं ही कामं करावीत.

भिजलेला फोम सगळा काढ. एक घनफूट पाणी म्हणजे २८ किलो. तुझ्या जमिनीखाली तीन-चार घनफूट जरी भिजलेला असला तरी एक धट्टाकट्टा माणूस कायमचा होडीत बसवून तू मासेमारीला निघतोस.

माझगाव_मेकॅनिक

आता मशीनवर येतो. १५ की २५ हा प्रश्न होडीला विचारायचा, मित्रांना नाही.

२२ फुटी होडी, पाण्यातली लांबी धरू २० फूट. असली होडी पाणी कापत चालते तेव्हा तिच्या वेगाला एक मर्यादा असते. पाण्यातल्या लांबीचं फुटांतलं वर्गमूळ काढून त्याला १.३४ ने गुणायचं. २० चं वर्गमूळ साधारण साडेचार, गुणाकार ६ नॉट, म्हणजे ताशी ११ किलोमीटर. त्या वेगाला होडी स्वतःच्याच लाटेच्या खळग्यात अडकते. पुढे जायचं तर तिने लाटेवर चढून पाण्यावर घसरायला हवं. तीन माणसं, ओली जाळी आणि बर्फ घेऊन चढवायला २५ सुद्धा कमी पडेल, चाळीसच्या आसपास लागेल. आणि चाळीसचं वजन तुझ्या फळीला नको. म्हणजे २५ घेतलंस तर भरलेल्या होडीत वेग जवळपास १५ हॉर्सपॉवरच्या मशीनएवढाच मिळणार, आणि वजन व पेट्रोल वाढणार.

वजनाचं बघ. जुनं दोन स्ट्रोक १५ म्हणजे ४० किलोच्या आतबाहेर. चार स्ट्रोक १५ पन्नासच्या आसपास, २५ साठच्या वर जातं. हे सगळं होडीच्या अगदी शेवटच्या टोकावर. तांडेलही (होडी चालवणारा) तिथेच बसतो. मागचा भाग खाली गेला की नाळ (पुढचं टोक) वर येते आणि मागून येणारी लाट आत येते.

वरळीच्या दादांचं म्हणणं मी टाळत नाही. आडव्या वाऱ्यात, खांबांच्या मधून हळू जाताना होडी हातात राहायला हवी, हे खरं. पण तिथे लागतो तो संथ वेगातला रेटा, आणि तो पंख्यातून येतो. मोठ्या व्यासाचा, कमी पिचचा (पिच म्हणजे एका फेऱ्यात पंखा जितका पुढे सरकेल ते अंतर) पंखा लावलेलं १५ तिथे उंच पिचच्या २५ पेक्षा चांगलं वागेल.

पेट्रोलचा हिशेब: चार स्ट्रोक मशीन पूर्ण उघडलं की दर १० हॉर्सपॉवरला तासाला पावणेचार लिटरच्या आसपास. म्हणजे १५ ला साडेपाच-पावणेसहा. पाऊण उघडून चालवलंस तर त्यापेक्षा खूपच कमी. कार्ब्युरेटरचं जुनं दोन स्ट्रोक त्याच कामाला एक तृतीयांश ते निम्मं जास्त खातं, कारण त्यात ताजं मिश्रण जळायच्या आधीच धुराड्यातून निसटतं. तुझा धूर आणि समुद्रावरचा तेलाचा तवंग तोच.

तरी दोन स्ट्रोकला मी नावं ठेवणार नाही. हलकं असतं, भाग कमी, बंदरावरचा कुणीही पोरगा उघडून बसवतो. तुझ्या जुन्याचं कॉम्प्रेशन मोजलंस का? दोन्ही सिलिंडरच्या आकड्यांत १० टक्क्यांपेक्षा जास्त फरक नको.

खारदांडा_२२

मामा, मोजलं. वरच्या सिलिंडरला ११०, खालच्याला ७०. गिअरचं तेल काढलं तर कॉफीत दूध घातल्यासारखं निघालं.

माझगाव_मेकॅनिक

मग ते मशीन आता निवृत्त कर. खालच्या सिलिंडरची रिंग किंवा भिंत गेली आहे, आणि पंख्याच्या दांड्याचं सील गेल्यामुळे गिअरमध्ये पाणी शिरलंय. दुरुस्त होईल, पण दुरुस्तीचा पैसा आणि पुढच्या वर्षीचं पेट्रोल धरलं तर नवीन चार स्ट्रोक १५ परवडतं. जुनं मशीन सुट्या भागांसाठी विक.

सेकंड हँड बघणार असशील तर दोन गोष्टी. बिलाशिवाय घेऊ नकोस. आणि बंद पडलेल्या कंपनीचं मशीन स्वस्त मिळालं म्हणून भुलू नकोस. इविन्रूडचं उत्पादन २०२० मध्ये थांबलं, अशा मशीनचे भाग वर्षागणिक दुर्मिळ होणार. दारूखान्याच्या भंगार बाजारात शोधत फिरण्यात जो वेळ जातो तो मासेमारीचा वेळ असतो.

घेण्याआधी फळीची उंची मोज. नवीन फळीच्या वरच्या काठाच्या मध्यापासून तळापर्यंत, फळीच्या तिरकेपणाने. १५ इंच आली तर शॉर्ट शाफ्ट, २० आली तर लाँग. अधलीमधली आली तर फळी दुरुस्त करतानाच ती उंची बरोबर करून घे, आता संधी आहे. पंख्याच्या वरची आडवी पाटी होडीच्या तळाच्या रेषेत किंवा तिच्या इंचभर खाली यायला हवी. वर राहिली तर पंखा हवा ओढतो आणि मशीन नुसतं ओरडतं. फार खाली गेली तर पाणी अडतं, आणि खारदांड्याच्या ओहोटीत खडकाला आधी तोच भाग लागेल.

वेसावकरीण

मेकॅनिक मामा आणि मढचे काका यांनी कामाचं सगळं सांगितलं. मी कागदांचं सांगते, कारण आमच्या घरात ते मी बघते आणि कागदांवरून माणसं अडकलेली पाहिली आहेत.

भाऊ, होडी काकांच्या नावावर आहे. तुझ्या नावावर करून घेतल्याशिवाय पैसा ओतू नकोस, काका कितीही आपले असले तरी. नोंदणी आणि मासेमारीचा परवाना या वेगळ्या गोष्टी. नोंदणी रिअलक्राफ्ट या सरकारी संकेतस्थळावर ऑनलाइन होते, परवाना महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम, १९८१ खाली मत्स्यव्यवसाय विभागाकडून. नोंदणीत मशीनचा नंबर आणि हॉर्सपॉवर लिहिलेला असतो. मशीन बदललं की तो बदलून घ्यायचा. समुद्रात पोलिसांनी किंवा तटरक्षक दलाने तपासणी केली आणि कागदावर एक नंबर, मशीनवर दुसरा निघाला, तर तो दिवस गेला. विम्यातही हाच नंबर बघतात.

मशीनच्या बिलावर सिरियल नंबर लिहून घे, दुकानदार विसरतात. नंबरच्या पाटीचा फोटो काढून ठेव, काही वर्षांत मीठ ती पाटी खातं. आणि मशीन घेण्याआधी आपल्या मच्छीमार सोसायटीत विचार, अनुदानाची योजना चालू असेल तर बहुतेक वेळा मंजुरी आधी लागते, खरेदी नंतर. उलट केलं की अर्ज परत येतो.

अजून एक, बाई म्हणून नाही, घरात वाट बघणारी म्हणून सांगते. मशीनबरोबर लाल दोरी येते, मनगटाला बांधायची. माणूस पाण्यात पडला की मशीन बंद. ती दोरी खिळ्याला टांगून ठेवलेली मी आमच्या बंदरावर पुष्कळ होड्यांत बघते. ती बांध.

समुद्रवाचक

मी मासेमारी करत नाही, पण वाचतोय. विजेवर चालणारं मशीन का नको? आवाज नाही, धूर नाही.

माझगाव_मेकॅनिक

मलाही हवंय, पण आजचा हिशेब असा. १५ हॉर्सपॉवर म्हणजे ११ किलोवॉट. ४८ व्होल्ट, १०० अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे ४.८ युनिट. पूर्ण ताकदीवर अर्धा तासही नाही. एक लिटर पेट्रोलमध्ये ९ युनिटच्या आसपास उष्णता असते, मशीनने त्यातला पाव भाग जरी पंख्याला दिला तरी सव्वादोन युनिट. म्हणजे ती महागडी बॅटरी म्हणजे दोन-सव्वादोन लिटर पेट्रोल. खाडीतल्या खाडीत, पर्यटकांच्या होडीला ठीक. जाळी टाकून वाऱ्याविरुद्ध परत यायचं असेल तर अजून नाही.

मनोरीचा_नातू

पेट्रोलबद्दल कुणीतरी लिहा ना. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं मिळतं. आमच्या मशीनची नळी आतून चिकट झाली आणि हाताने दाबायचा रबरी फुगा फुटला.

माझगाव_मेकॅनिक

हो, हे सगळ्यांनी वाचावं. इथेनॉल पाणी ओढतं. होडीच्या टाकीत दमट हवा असतेच, पावसाळ्यात तर विचारूच नका. पाणी प्रमाणाबाहेर गेलं की इथेनॉल आणि पाणी एकत्र होऊन टाकीच्या तळाशी बसतं, पेट्रोल वर राहतं. मशीन ओढतं तळातून, म्हणजे पाणीच ओढतं. किनाऱ्यावर चालू होतं आणि समुद्रात बंद पडतं, त्याचं हे एक मोठं कारण.

म्हणून: इथेनॉल सहन करणारी नळी आणि फुगा घ्या, साधी बागेची किंवा गॅसची नळी नको. टाकी आणि मशीन यांच्यामध्ये पाणी वेगळं करणारा फिल्टर बसवा. बंदी लागली की टाकी रिकामी करा, नळी काढून मशीन बंद पडेपर्यंत चालवा, म्हणजे कार्ब्युरेटर कोरडा होतो. दोन महिने तसंच ठेवलेलं पेट्रोल कार्ब्युरेटरच्या बारीक भोकांत डिंकासारखं जमतं. ज्यांचं मशीन दोन स्ट्रोक आहे त्यांनी ५० ला १ चं प्रमाण असेल तर १० लिटरला २०० मिली तेल घाला. तेही टीसी-डब्ल्यू ३ (होडीच्या मशीनचं तेल), मोटरसायकलचं नाही.

खारदांडा_२२

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहितोय. फळीचं आणि तळाचं काम मे महिन्यात झालं. मढचे काका एका रविवारी स्वतः येऊन गेले, पैसे घेतले नाहीत, आमच्या काकूच्या हातचं जेवले तेवढंच. कोपऱ्यातला प्लाय काढताना माझ्या लक्षात आलं की बाहेरून फक्त एक चीर दिसत होती आणि आत हातभर जागा मोकळी झाली होती. बोट घातलं की लाकडाचे थर पत्त्यांसारखे सुटून यायचे.

फोम सगळा काढला. जमिनीखाली आता हवाबंद प्लॅस्टिकचे डबे घट्ट बसवलेत आणि मागे पाणी काढायचं बुच.

बोल्ट नागदेवीच्या हार्डवेअर बाजारात घेतले. तिथे ३०४ आणि ३१६ दोन्ही 'एसएस' म्हणून मिळतात आणि लोहचुंबकाने फरक कळत नाही. खाऱ्या पाण्यात ३१६ जास्त टिकतं, कारण त्यात मॉलिब्डेनम असतं. मी दुकानदाराला मॉलिब्डेनम ओळखणाऱ्या द्रावाचा थेंब टाकून तपासायला लावलं, ३१६ घेतले. भोकं मोठी पाडून इपॉक्सीने भरली आणि त्यातून परत भोक पाडलं, म्हणजे बोल्ट लाकडाला शिवतच नाही. वर पॉलियुरेथेनचं सीलंट.

नोंदणी माझ्या नावावर झाली. वेसावकरीण ताई, तुमच्यामुळे ते आधी केलं. मशीन चार स्ट्रोक १५, लाँग शाफ्ट.

नारळी पौर्णिमा झाली आणि होडी पाण्यात उतरवली. काकांना खुर्चीवर बसवून धक्क्यापर्यंत आणलं होतं. त्यांनी मशीनकडे बघितलंच नाही, होडी पाण्यावर कुठपर्यंत बसते तेच बघत होते. म्हणाले, आता हिची रेषा परत दिसली. जुनी निळी पट्टी इतकी वर्षं पाण्याखाली असायची, ती चार बोटं वर आली आहे.

एक अडचण आहे. रिकाम्या होडीत मस्त चालते, पण तीन माणसं आणि ओली जाळी असली की मशीन पूर्ण उघडलं तरी दमल्यासारखं वाटतं. प्लगच्या वायरला गुंडाळायचा फेरे मोजायचा मीटर लावला, मिनिटाला ४,६०० फेरे दाखवतो. पुस्तकात ५,००० ते ६,००० लिहिलंय.

माझगाव_मेकॅनिक

मीटर लावलास हे फार छान केलंस, बहुतेक जण अंदाजावर चालवतात. पंख्यावर दोन आकडे कोरलेले असतात, पहिला व्यास, दुसरा पिच. दुसरा किती?

खारदांडा_२२

१०.

माझगाव_मेकॅनिक

हलक्या होडीसाठी दुकानातून येतो तोच. पिच एक इंच कमी केला की १५० ते २०० फेरे वाढतात. तू ८ घे. भरलेल्या होडीत पाच हजाराच्या आसपास जाशील. रिकाम्या होडीत सहा हजारांच्या वर जाऊ देऊ नकोस, हात आवर. कमी फेऱ्यांवर पूर्ण उघडून दामटलं तर मशीनवर ताण येतो, आतमध्ये काजळी जमते, आणि पेट्रोल जळूनही काम होत नाही.

१० चा पंखा टाकू नकोस, सुटा म्हणून होडीत ठेव. त्याबरोबर पंख्याची पिन, प्लग, पाना आणि वल्ही.

वरळी_क्लीव्हलँड

मामांचा पंख्याचा मुद्दा मी आमच्या होडीवर करून बघितला. २५ च आहे, पण पिच उतरवला. खांबांच्या मधून आता खरंच हळू आणि सरळ जाते. म्हणून लिहिलं.

खारदांडा_२२

८ चा लावला. भरलेल्या होडीत ५,०५०. दम लागल्यासारखा आवाज गेला.

एक शेवटचं विचारतो. आमच्या इथे पाण्यात प्लॅस्टिक फार. काल पिशवी पंख्याला गुंडाळली ती काढली, पण नंतर मशीनमागून येणारी पाण्याची धार बारीक झाली.

माझगाव_मेकॅनिक

ताबडतोब बघ, तशीच चालवू नकोस. पंख्याच्या वर बाजूला जाळीदार खाचा आहेत, तिथून थंडाव्याचं पाणी आत जातं. आधी त्या साफ कर. मग जिथून धार येते त्या भोकात बारीक तार हलक्या हाताने घाल, मीठ किंवा वाळू अडकलेली असते. तरी धार बारीक असेल तर आतला रबरी इम्पेलर (थंडाव्याचं पाणी ओढणारं पात्यांचं चाक) गेला. पिशवीने पाणी अडलेलं असताना मशीन थोडा वेळ जरी कोरडं फिरलं तरी त्याची पाती करपतात. तो भाग मोठ्या खर्चाचा नाही, दरवर्षी बंदीत बदलायचाच. तुटलेलं पातं सापडलं नाही तर शोधून काढ, ते वरच्या नळीत जाऊन अडकतं आणि नवीन इम्पेलर टाकूनही मशीन तापतं.

रोज परतल्यावर २०० लिटरच्या पिंपात गोडं पाणी भरून मशीन त्यात दहा मिनिटं चालव. खालच्या भागावरचा करडा धातूचा तुकडा अर्धा झिजला की बदल, आणि होडी रंगवताना त्याला रंग लावू नकोस, रंग लागला की तो काम करायचं थांबतो आणि मीठ मशीनलाच खायला लागतं.

मढ_फायबरवाला

आणि पहिल्या महिन्यानंतर मशीनचे चारही बोल्ट परत आवळ. नवीन फळी थोडी बसते. आवळताना सीलंटला चीर पडलेली दिसली तर बोल्ट काढून परत भर, वरवर लावू नकोस.

खारदांडा_२२

इम्पेलरची तीन पाती तुटली होती. दोन पंपाच्या घरात (इम्पेलर बसतो त्या डबीत) सापडली, तिसरं वरच्या नळीच्या तोंडाशी निघालं. नवीन टाकला, धार पूर्ववत. बोल्ट पौर्णिमेच्या उधाणाला होडी वर घेईन तेव्हा आवळतो, फोटो इथे टाकतो.